बुधवारी नसलेले दामले साहेब

दामले साहेबांबद्दल लिहायचं तर आधी बुडालेल्या कामाबद्दल लिहायला हवं. मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्याच दिवशी.

कोथरूडच्या त्या ऑफिसात मला लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. तिसरा मजला, खाली औषधांचं दुकान, समोर शिकवणीचे वर्ग. एखाद्या गावाला पाणी न्यायचं असलं, जुनी पाइपलाइन बदलायची असली, की आमची कंपनी ते काम घ्यायची. मी चहा करायची, झाडायची, पुसायची, कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायची. त्या दिवशी मोठ्या खोलीत सगळे बसले होते. मी ट्रे घेऊन आत गेले तेव्हा एक उंच, वाळके गृहस्थ मनगटावरचं घड्याळ काढत होते. क्रीम रंगाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला एकच पेन. घड्याळ त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाले,

"आता दीड वर्ष उलटलेलं आहे. काम बुडालं. कसं बुडालं ते एकेकानं सांगा."

मग साइटवरचे इंजिनिअर जाधव म्हणाले की पावसाच्या आत खोदाई संपली नाही, सगळे चर भरून गेले. दुसरं कोणी म्हणालं की पाइप आले, पण जोड वेगळ्या मापाचे आले, आणि ते कळेपर्यंत माणसं दुसऱ्या कामावर निघून गेली होती. कोणी वाद घालत नव्हतं. घरातलं माणूस गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना सांगतात तसं सगळे सांगत होते, खालच्या आवाजात, खाली बघून. दामले साहेब लिहून घेत होते.

मी घरी गेले आणि नवऱ्याला सांगितलं, की मी जिथे लागले ती कंपनी बुडाली. तो येरवड्याला एका सोसायटीत वॉचमन होता. तो म्हणाला, तू लागलीस म्हणूनच बुडाली असेल. रात्रभर मला तेच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर सगळे नेहमीसारखे. वैशाली मॅडम तेव्हा नव्यानेच इंजिनिअर म्हणून लागल्या होत्या, लांब केसांच्या, काळ्या चष्म्याच्या. मी त्यांना भीत भीत विचारलं. त्या हसल्याच. म्हणाल्या, "अहो ताई, काम अजून सुरूच झालेलं नाही. सरांची पद्धत आहे ती. काम सुरू व्हायच्या आधी ते बुडालं असं धरायचं आणि कशानं बुडालं ते शोधायचं. मग त्या त्या जागी आधीच बंदोबस्त करायचा."

मला हसू आलं नाही. आमच्या गावाकडे पाळण्यातल्या मुलाबद्दल असं कोणी बोलत नाही. इथे तर पोटातल्याबद्दल बोलत होते.

पुढच्या वेळी दामले साहेबांनी मला ट्रे ठेवून बसायला सांगितलं. सगळ्यांना पोस्टकार्डाएवढा जाड कागद वाटला होता, तसा एक माझ्यापुढे सरकवला. मी उठू लागले तर म्हणाले, "या खोलीत जो उभा आहे त्याला काहीतरी दिसलेलं असतं. बसा, सुमनबाई." मी चौथी शिकले आहे, लिहिता येतं. पण तोंड उघडायची मला लाज वाटायची. मी वाशीमकडची. 'मले', 'तुले' ऐकून इथली माणसं तोंड फिरवून हसायची. ती हसणारी तोंडं मला लिहितानाही दिसायची. मी कोरा कागद परत दिला. साहेबांनी तो उलटून दोन्ही बाजू पाहिल्या, "हरकत नाही," म्हणाले आणि बाकीच्यांच्या कागदांत नीट घालून ठेवला. दर कामाच्या सुरुवातीला माझा एक कोरा कागद जमा व्हायचा. तो त्यांनी कधी फेकला नाही.

साहेब सगळ्यांना अहो-जाहो करायचे, मलाही. रागावले तरी अहोच. जाधव एकदा दुपारी एक वाजताच साइटवरून परत आले, बूट स्वच्छ. साहेब चष्म्यावरून बघून म्हणाले, "जाधव, आपण साइटवर गेला होतात, की साइट आपल्याला भेटायला आली होती?" जाधव तसेच मागे फिरले.

चहा बिनसाखरेचा, बशीत ओतून. छत्री बारा महिने. फळ्यावर कोपऱ्यात तीन ओळी लिहिलेल्या असत आणि तो कोपरा पुसायला मला बंदी होती: कान लावा. हात घाला. घडी मोडा. शेवटची ओळ लोकांना आवडायची नाही. साहेब दर सहा महिन्यांनी घडी मोडत. नकाशे काढणाऱ्याला खरेदीवर, खरेदीवाल्याला साइटवर, साइटवाल्याला गावकऱ्यांशी बोलायला. लोक कुरकुरत. साहेब म्हणायचे, "आपलं दुकान नाही. दुकान रोज त्याच जागी उघडतं. आपल्याकडे दर वेळी जमीन नवीन, माणसं नवीन, अडचण नवीन. एकाच कामात मुरलेला माणूस दुसऱ्या कामावर पहिलंच काम करत राहतो."

त्यांची आणखी एक पद्धत होती. पाणी आलं, काम संपलं, की माणसं पांगायची. कोणी दुसऱ्या कंपनीत, कोणी गावाला. जाण्याआधी प्रत्येकाला ते बसवून घेत आणि एक चिठ्ठी लिहायला लावत. अहवाल नाही, चिठ्ठी. पुढे त्या जागी जो येईल, त्याला. "तुम्ही त्याला ओळखत नाही, तो तुम्हाला ओळखत नाही. पण तो त्याच खड्ड्यात पडणार आहे. त्याला हाक मारा." चिठ्ठ्या पाकिटांत बंद करून लोखंडी कपाटात जायच्या. नवीन काम सुरू झालं की पहिल्या दिवशी त्या फोडून वाचायच्या.

मी ऐकलेली पहिली चिठ्ठी शिंदे नावाच्या माणसाची होती. मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी लागायच्या आधीच ते आजारानं वारले होते. खडकवासल्याच्या बाजूचं काम सुरू होणार होतं, आणि शिंद्यांनी त्याच भागात पूर्वी काम केलं होतं. वैशाली मॅडमनी पाकीट फोडलं आणि वाचायला लागल्या. त्यात लिहिलं होतं, की देवळाच्या पुढच्या वळणावर चालताना पायाखाली आवाज वेगळा येतो. आमची लाइन दुसऱ्या बाजूनं गेली म्हणून मी तिथे खोदून पाहिलं नाही. तुमची तिकडून गेली तर आधी थांबा. मशीन नेऊ नका. मी सांगतोय म्हणून थांबा.

वाचणाऱ्या मॅडमचा आवाज शेवटच्या ओळीला बारीक झाला होता.

लाइन नेमकी तिकडूनच जाणार होती. महिन्याभरानं जाधव त्या वळणावर थांबले. खोदायचं मशीन मागे ठेवून त्यांनी एका गड्याला हातानं पहार मारायला सांगितली. दोन घाव बसले आणि तिसऱ्याला पहार हातातून सुटून खाली गेली. पूर्ण गेली. खाली पडल्याचा आवाज उशिरा आला, असं जाधव म्हणाले. विटांचा जुना बोगदा होता, कोणत्याच नकाशात नसलेला. मशीन चालवणारा कितीतरी वेळ रस्त्याच्या कडेला बसून होता.

ऑफिसात जाधव हे सांगत होते तेव्हा दामले साहेबांनी विचारलं, "शिंद्यांना कळवलं का?"

जाधव म्हणाले, "सर, शिंदे..."

"हो," साहेब म्हणाले. मग खिडकीकडे बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, हीसुद्धा त्यांची काहीतरी पद्धतच असेल.

त्या कामाला पाणी आलं. नंतर त्याहून मोठं काम मिळालं, पाच गावांना एका लाइननं पाणी. पुन्हा घड्याळ पालथं, पुन्हा काम बुडालं. या वेळी वैशाली मॅडमची पाळी आली तेव्हा त्यांनी हातातला कागद पालथा ठेवला. मग म्हणाल्या,

"काम बुडालं, कारण सर नव्हते."

मॅडम लालबुंद झाल्या होत्या. पण पुढे बोलल्या. त्या म्हणाल्या की सगळं सरांच्या डोक्यात होतं. कुठला ठेकेदार कशावर अडतो, कुठल्या गावात आधी कोणाशी बोलायचं, कुठला जोड गळतो. चिठ्ठ्या आम्ही वाचल्या, पण अडलं की आम्ही कपाटाकडे न जाता सरांकडे गेलो. आणि एक दिवस सर नव्हते.

साहेबांनी लिहून घेतलं. पेनाला टोपण लावलं. "उत्तम," म्हणाले. "बुधवारपासून मी नाही."

आम्हाला वाटलं रजा घेतायत. बुधवारी पाहिलं तर नेहमीच्या वेळेला छत्री घेऊन हजर. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. जाधव काही विचारायला गेले तर त्यांच्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिले. पुन्हा विचारलं, तरी तेच. मग मॅडमना उलगडलं. दर बुधवारी साहेब येणार, पण ते नाहीत. त्यांना कोणी विचारायचं नाही, त्यांच्याकडे कोणी बघायचं नाही. जे अडेल ते आपण सोडवायचं.

पहिले दोन-तीन बुधवार गमतीचे गेले. जाधव भिंतीला विचारायचे, "सर असते तर या गळतीबद्दल काय म्हणाले असते बरं?" आणि तिरक्या नजरेनं बघायचे. साहेबांची पापणी हलायची नाही. पण गंमत पुढे ओसरली. लोकांनी त्यांच्यावाचून बसायला शिकून घेतलं. बुधवारी चिठ्ठ्यांचं कपाट उघडं असायचं, वाद व्हायचे, नियम ठरायचे. साइटवाल्यांनी एक नियम असाच बुधवारी ठरवला: खड्ड्यात माणूस असेल तर ज्याच्या डोळ्यासमोर तो खड्डा आहे त्याचाच शब्द चालेल. ऑफिसातून कोणाचाही फोन येवो.

लोक त्या खुर्चीसमोरून जाता जाता नजर आपोआप वळवायला लागले. शिकवून नाही, सवयीनं. एकदा कुरिअरवाला आला. "दामले कोण?" वैशाली मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "ते नाहीयेत." कुरिअरवाल्यानं टेबलावरची नावाची पाटी पाहिली, तिच्यामागे बसलेल्या माणसाला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मीही मान फिरवली. तो पाकीट ठेवून भराभर जिना उतरून गेला.

मला चहाचं कळेना. पहिल्या बुधवारी मी कप त्यांच्यापुढे ठेवायला गेले तर जाधव हळूच म्हणाले, "ताई, नसलेल्या माणसाला चहा देतात का?" मला हात मागे घेववेना. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी पान वाढून बाजूला ठेवतात आणि तिकडे बघत नाहीत. मी तसंच केलं. कप त्यांच्या खुर्चीमागच्या बुटक्या कपाटावर ठेवला आणि पाठ फिरवून निघून आले. अर्ध्या तासानं रिकामा कप उचलला. दर बुधवारी तसंच. एका जिवंत माणसाला असं पान वाढताना माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा.

एका बुधवारी कप ठेवून वळले तर मागून आवाज आला. "आपण नवीन का?"

बुधवारी ते कधी बोलत नसत. मी वळले. ते माझ्याकडेच बघत होते, अगदी सौजन्यानं, पहिल्यांदा भेटलेल्या माणसाकडे बघतात तसं. मला वाटलं, बुधवार आहे. ते नाहीत, तर मला ओळखणार कसे. मी मान हलवली आणि आत पळाले.

पण पुढच्या सोमवारी त्यांनी तीनदा चहा मागितला. तिन्ही वेळा पहिला मागतात तसा. घड्याळ बैठकीला पालथं ठेवायचे ते बैठक नसतानाही पालथं ठेवू लागले. एकदा जिन्यात मी त्यांना खालच्या मजल्यावर उभं पाहिलं, दातांच्या डॉक्टरांच्या दारापुढे, छत्री हातात. वर जायचं की खाली, याचा विचार करत असावेत असे उभे होते. मी बाजूनं वर गेले तेव्हा माझ्यामागून वर आले.

मग तो कागद सापडला. कप उचलताना बशीखाली होता. पोस्टकार्डाएवढा, मीच दर वेळी कोरा परत द्यायची तसला. बारीक, सुंदर अक्षर. वर घरचा पत्ता. खाली ऑफिसचा, तिसरा मजला, औषधांच्या दुकानावर. त्याखाली नावं.

वैशाली — लांब केस, काळा चष्मा. हिच्यावर सोपवावं.

जाधव — मिशी. थट्टा करतो, काम चोख.

सुमनबाई — चहा. बोलत नाहीत.

आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: बुधवार — मी नाही.

मान वर केली तर साहेब समोर होते.

"वाचलंत?" ते म्हणाले.

मी कागद पुढे केला. त्यांनी तो घडी न घालता खिशात ठेवला. म्हणाले, की बुधवार आधी त्या लोकांसाठीच होता. मग बरं झालं, त्यांना स्वतःलाही एक दिवस मिळाला, काहीच आठवलं नाही तरी चालतं असा. डॉक्टरांनी सांगितलं आहे की हे वाढत जाणार. मग माझ्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी ते पूर्णपणे होते.

"पाच गावांना पाणी येईपर्यंत कोणाला सांगू नका, सुमनबाई. आत्ता कळलं तर ते माझी काळजी करत बसतील. त्यांना माझ्याशिवाय चालायची सवय अजून पुरती लागलेली नाही. तेवढी लागू द्या."

मी मान हलवली. त्या ऑफिसात माझ्याएवढं भरवशाचं माणूस त्यांना दुसरं मिळालं नसतं. मी बोलतच नव्हते.

तीन-चार महिने मी ते पोटात ठेवलं. चहा देताना पुटपुटल्यासारखं त्यांना वार सांगायची. समोरून जाधव येताना दिसले की "जाधव साहेब आले" असं उगाच म्हणायची. एवढंच बोलायची, तेही त्यांच्यापुरतं. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. फक्त मान किंचित खाली करायचे.

मग लाइन तपासायचा दिवस आला. पाणी प्रत्यक्ष सोडायच्या आधी पंप लावून नळात दाब भरतात आणि कुठे गळतं ते बघतात. गुरुवार होता. सकाळी जाधवांचा फोन आला तेव्हा मी साहेबांना चहा देत होते. फोनचा आवाज मोठा होता. जाधव सांगत होते, की लाइनवरच्या एका चेंबरमध्ये, खोल खड्ड्यात, दोन माणसं उतरली आहेत, व्हॉल्व्हचे नट आवळतायत. ती वर आली की मी कळवतो, तोवर पंप नको. साहेब म्हणाले, बरोबर आहे, तोवर नको.

मी बशा विसळून अर्ध्या तासानं परत आले. साहेब स्वतः फोन लावत होते. पंपघराला.

"दामले बोलतोय. झाली का तयारी? मग सुरू करा."

फोन ठेवला आणि घड्याळ पालथं घातलं.

मी म्हणाले, "साहेब, माणसं..." पण आवाज फुटला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीच सौजन्याची नजर. नवीन बाईकडे बघतात तशी.

मला त्या दोन माणसांची नावंसुद्धा माहीत नव्हती. मला फक्त शिंद्यांच्या त्या वळणावरची पहार दिसत होती, खाली खाली जाणारी, आणि आवाज न येणारी. आणि मी शब्द दिला होता. वैशाली मॅडम पलीकडच्या खोलीत दोघांशी बोलत होत्या. मी दारात उभी राहिले. त्यांनी विचारलं, काय ताई? तोंड उघडलं तर नुसता श्वास आला. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातला एक जाड कागद मी ओढला, त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं आणि लिहिलं: साहेबांना सकाळचं आठवत नाही. पंप लावायला सांगितला. माणसं खड्ड्यात आहेत.

तो माझा पहिला कागद.

मॅडमनी वाचला. मग जाधवांना फोन लावला आणि माझ्या बाजूनं तो धरला, कशाला कोण जाणे. जाधव म्हणाले, "पंप बंदच आहे. सरांचा फोन आला होता, पंपवाल्यानं मला विचारलं. मी म्हटलं, खड्डा सरांच्या डोळ्यासमोर नाही, माझ्या आहे. आज गुरुवार आहे माहितीये, पण आम्ही धरलं की बुधवारच आहे."

मी खाली बसले.

मॅडम साहेबांच्या खोलीत गेल्या, कागद हातात घेऊन. दार उघडंच राहिलं, म्हणून मला ऐकू आलं.

साहेबांनी कागद वाचला. बराच वेळ लागला. मग विचारलं, "पंप सुरू झाला का?"

"नाही, सर."

"मी सांगितलं होतं?"

"हो, सर."

"आणि तुम्ही कोणी ऐकलं नाही."

"नाही, सर."

दामले साहेब हसले. इतक्या दिवसांत मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले. "मग झालं काम," ते म्हणाले. घड्याळ उचललं आणि मॅडमच्या हातात दिलं. बाहेर येताना माझ्याजवळ थांबले. मी रडत होते. शब्द मोडला होता, आणि मोडायची गरजही नव्हती. ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे आपलं. उगाच इतके कागद कोरे घालवलेत."

त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत. पाच गावांना पाणी आलं तेव्हाही नाही. जाताना चिठ्ठीही लिहिली नाही. मॅडमनी त्यांच्या नावाचं पाकीट करून कपाटात ठेवलं, रिकामंच. खिडकीजवळची खुर्ची कोणी हलवली नाही, तिच्यावर कोणी बसलंही नाही. आता सगळेच वार बुधवार होते. त्या बुटक्या कपाटावर मी बरेच दिवस चुकून कप ठेवायची आणि संध्याकाळी गार चहा मोरीत ओतायची.

परवा नवीन कामाची पहिली बैठक होती. नेमका बुधवार. अर्धे लोक नवीन. वैशाली मॅडमनी घड्याळ काढून पालथं ठेवलं आणि म्हणाल्या, "दीड वर्ष उलटलेलं आहे. काम बुडालं."

तेव्हाच दार ढकलून दामले साहेब आत आले.

तोच शर्ट, छत्री. खूपच वाळलेले. कोणाकडे न बघता खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. मॅडमची नजर एकदा हलली आणि परत टेबलावर गेली. जाधव खाली बघू लागले. दोघांनी ते ठरवून केलं नाही, मला माहीत आहे. मानच वळली त्यांची. नवीन मुलांनी पाहिलं की मोठे कोणी तिकडे बघत नाहीत, म्हणून त्यांनीही नजर काढून घेतली. खालच्या आवाजात एक जण सांगू लागला, की पहिला फटका पुराचा बसला. वीस माणसं त्या खोलीत होती आणि त्यांच्यामध्ये तो माणूस बसला होता, आणि तो नव्हता.

मी चहा आणला. बुटक्या कपाटावर ठेवला. पाठ फिरवायला हवी होती. फिरवली नाही.

साहेब हळूच म्हणाले, "कसं बुडालं हो?"

माझ्या तोंडून आलं ते गावाकडचंच आलं. "नाही बुडालं जी. पानी आलं. पाचही गावाले आलं."

खोलीतलं बोलणं थांबलं होतं. सगळ्यांनी ऐकलं असणार. कोणी हसलं नाही.

साहेबांनी विचार केला. "मग तेव्हा मी कुठे होतो?"

"तुमी नव्हते जी."

त्यांनी मान डोलावली, हिशोब बरोबर जुळल्यासारखी. कप घेतला, बशीत ओतून सावकाश प्यायले. पेन काढून गुडघ्यावर काहीतरी केलं. तेवढ्यात दारात त्यांच्या पत्नी आल्या, धापा टाकत. रिक्षातून उतरून मी औषधं घेत होते, तेवढ्यात हे वर आले, म्हणाल्या. घरीही बुधवारी खिडकीजवळ बसून राहतात, जेवायला हाक मारली तर म्हणतात, ते नाहीयेत. त्यांनी साहेबांचा हात धरला, छत्री घेतली. साहेब मुकाट्यानं गेले. जाधव उठून उभे राहिले होते. पण तोवर दार लागलं होतं.

मी कप उचलला. बशीखाली तो कागद होता. कडा मळून मऊ झालेल्या. घरचा पत्ता, ऑफिसचा पत्ता, सगळी नावं. माझ्या नावापुढचं 'बोलत नाहीत' खोडलं होतं आणि वर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: बोलतात.

मी खिडकीशी धावले. खाली रिक्षा उभी होती. पत्नी आत बसल्या होत्या. साहेब बाहेरच थांबले होते, हात शर्टाच्या खिशावर. खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. मग इकडेतिकडे पाहिलं, औषधांच्या दुकानाकडे, समोरच्या वर्गांच्या पाट्यांकडे, शेवटी वर आमच्या खिडकीकडे. मी कागद उंच धरला.

त्यांनी खिशावरचा हात काढला. घाई नव्हती त्यात काही. दिलेली वस्तू पोचली हे बघून हात काढावा तसा. मग आत बसलेल्या बाईंना त्यांनी काहीतरी विचारलं, बहुतेक इथे बसू का असं, फार सौजन्यानं, आणि त्या म्हणाल्या असतील तसे अंग चोरून शेजारी बसले.